त्यांची भीती नियम झाली तेव्हा

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि थोड्याच दिवसांत आमच्या घराचं दार बंद झालं. ह्यांना ते बंद दार मानवलं. सैन्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पीटीएसडीचं, म्हणजे युद्धासारख्या आघातानंतर मनाला जडणाऱ्या आजाराचं, निदान होऊन पाच. गर्दी टाळायची, भिंतीला पाठ लावून बसायचं, घरात येणारी प्रत्येक वस्तू तपासायची, हे त्यांचं आधीपासून चालूच होतं. आता सारं जग तसं वागू लागलं. पहिले काही आठवडे ते कधी नव्हे इतके शांत होते.

ढासळत होते ती मी.

आधी मला बाहेरचं काम होतं, एक मैत्रीण होती आणि आठवड्यातली एक संध्याकाळ होती. तेव्हा हे माजी सैनिकांच्या गटाला भेटायला जात. त्या दोन तासांत मी नुसती बसून असे. तेवढ्यावरच माझा आठवडा निभावत होता, हे ती संध्याकाळ गेल्यावर कळलं. गटाच्या भेटी थांबल्या तशी महिन्याभरात ह्यांचीही झोप उडाली. रात्री तीन-तीनदा कड्याकुलपं तपासायची, आणि तिन्ही वेळा मी जागी. भांड्यांखाली कापड अंथरायचं, दार हाताने धरून हळूच लावायचं, फोनचा आवाज बंद ठेवायचा, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात माझे कष्ट आहेत असं मला वाटतच नसे.

जूनमध्ये मी माजी सैनिकांसाठीच्या एका केंद्राला फोन केला, तोही ह्यांच्यासाठीच. फॉर्ममध्ये माझ्यासाठी एकच रकाना होता : ‘रुग्णाशी नातं’. मला स्वतःला कुणाशी बोलता येईल का, असं विचारल्यावर कुटुंबीयांसाठी सोय नसल्याचं सांगितलं. त्याचा राग मला आजही येतो. शेवटी माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी फोनवर बोलणाऱ्या एका समुपदेशकांचा नंबर दिला.

बंद घरात एकटीने बोलायचं कुठे? मी जिन्यात बसत असे. ‘यादी नंतर करू’ असं मी म्हटलं की त्याचा अर्थ हे जवळ आलेत, असं समुपदेशकबाईंशी माझं ठरलेलं. मग त्या फक्त हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारत. घरात आडोसा नसेल तर असा एखादा शब्द पहिल्याच फोनला ठरवून घ्या.

सुरुवात पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीने झाली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. माझे १६ आले. १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. मी ‘काही दिवस’ म्हटलं. त्या गडबडल्या नाहीत. ‘काही ठरवलंय का? जवळ काही आहे का?’ असं सरळ विचारलं. नव्हतं. तरी त्याच फोनवर आम्ही लिहून काढलं की विचार वाढू लागले तर आधी काय करायचं, मग कुणाला फोन करायचा, मध्यरात्री कुणाला. कुणीतरी तो प्रश्न उघड विचारला, यानेच मला हायसं वाटलं.

त्यांच्याकडूनच पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेचं नाव कळलं. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिकांच्या पत्नींचा त्यांनी १९७० च्या दशकात अभ्यास केला. माणूस गेला की आहे हेच ठरत नाही, अशा दुःखाला त्यांनी ‘ॲम्बिग्युअस लॉस’, म्हणजे संदिग्ध वियोग, असं नाव दिलं. त्याचा दुसरा प्रकार म्हणजे माणूस समोर बसलेला, पण मनाने तिथे नसलेला. हे ऐकून मी जिन्यात रडले. जिवंत, घरी परतलेल्या नवऱ्यासाठी रडायचा मला हक्कच नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

एरवी ह्यांच्यासारख्या भीतीवर थोडं थोडं गर्दीत जायला सांगतात. तेव्हा गर्दीत जाणंच धोक्याचं होतं. म्हणून आम्ही कागदावर दोन रकाने केले : साथीमुळे करायचं ते आणि युद्धामुळे चाललेलं ते. मास्क, अंतर, हात धुणं पहिल्यात. तो चार ओळींत संपला. मी काय काय करते ते लिहीत गेले तसा दुसरा रकाना पानामागे गेला. ‘तुम्ही त्यांना जपताय, पण त्यांच्या भीतीलाही खतपाणी घालताय,’ त्या म्हणाल्या. मला ते फार लागलं. पुढचा फोन मी घेतलाच नाही.

त्यानंतरचा घेतला. ह्यांना न सांगता काहीही बदलायचं नाही, असं ठरलं, म्हणून कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले. मग पेन मागितलं आणि दुसऱ्या रकान्यात एक ओळ स्वतः लिहिली : ‘रात्री हिलाही उठवतो.’

त्या रात्रीपासून मी कुलपांसाठी उठणं सोडलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्याही चालू होत्या, त्यांचा गुण यायला काही आठवडे गेले. ऑक्टोबरमध्ये माझे गुण ९ होते. केंद्रात उपचारांसाठी ह्यांचा नंबर तोवर लागलेला नव्हता.

भांड्यांखालचं कापड मी सगळ्यात शेवटी काढलं. तिसऱ्या दिवशी हातातून झाकण निसटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. मी माफी मागायला धावले नाही. हे स्वयंपाकघराच्या दारात आले, चौकट धरून उभे राहिले. श्वास जोरात चालला होता.

‘काय पडलं?’

‘झाकण.’

‘बरं,’ म्हणाले. आणि वाकून त्यांनीच ते उचललं.