आमची वाटचाल : चकण्याच्या भट्टीवरून

आम्ही चकणा बनवतो. खारे दाणे, मसाला शेंगदाणे, फुटाणे, तळलेली मूगडाळ. सोयरीक जुळवताना ‘दारूचा धंदा नाही हो आमचा’ हा खुलासा घरात बऱ्याचदा करावा लागला, पण दारूचा भाव हलला की आमची भट्टी हलते हेही खरंच.

वडिलांनी सातपूरला भट्टी टाकली तेव्हा नाशिकमध्ये चिवड्याची जुनी नावं जोरात होती. त्यांच्याशी टक्कर घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून दाण्यावर भर दिला. गिऱ्हाईक म्हणजे सातपूर-अंबडच्या परमिट रूम, म्हणजे बसून प्यायचे परवानाधारक बार. माल सुटा, मोठ्या पिशव्यांतून जायचा. मालकांची अट एकच, दाणा चांगला खारट हवा. बशी फुकट ठेवायची, तहान लागली की पुढचा पेग आपोआप सुटतो. आमच्या मिठावर कितीतरी बारची बिलं चढली असतील.

हे गणित २०१७ साली मोडलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १ एप्रिलपासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद झाली. छोट्या गावांना २२० मीटरची सवलत होती, शहराला नव्हती. मुंबई-आग्रा महामार्ग तर नाशिकच्या पोटातून जातो. पाथर्डी फाटा, मुंबई नाका, द्वारका, आडगाव, सगळीकडे शटर खाली. जुलैमध्ये शहर हद्दीतल्या विक्रीला हरकत नाही असा खुलासा न्यायालयाने केला, पण तोवर काही बार कायमचे बंद झाले आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाकडची आमची उधारी बुडाली ती बुडालीच.

त्या महिन्यांत लोक पीत नव्हते का? आतल्या गल्लीतल्या वाइन शॉपमधून क्वार्टर, म्हणजे १८० मिलीची बाटली, घ्यायची आणि घरी, गच्चीवर नाहीतर मोकळ्या प्लॉटवर बसायचं. शेजारच्या टपरीवाल्याने एकदा विचारलं, ‘दादा, दहाचं पाकीट नाही का बनवत?’ जुनं पाऊच मशीन तेव्हाच आणलं. पुढे २०२० मध्ये लॉकडाउनमुळे बंद असलेल्या परमिट रूम ५ ऑक्टोबरला उघडेपर्यंत त्याच पाकिटांनी घर चालवलं. घरी बसायची लागलेली सवय काही लोकांची सुटलीच नाही.

मग बारमध्ये दिल्या जाणाऱ्या दारूवरचा व्हॅट २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ५ वरून १० टक्के झाला. बाहेर एमआरपीला मिळणारी बाटली टेबलावर आली की आधीच दीड-दोनपट, त्यात ही भर. आणि खरा दणका १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने बसला. उत्पादनमूल्य लिटरमागे २६० रुपयांपर्यंत असलेल्या भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क त्या मूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, विदेशीला २०५ आणि प्रीमियम विदेशीला ३६० रुपये. मधे धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’चा नवा प्रकार काढला, त्याला १४८. कालपर्यंत ११५-१३० ला मिळणारी क्वार्टर थेट दोनशेच्या वर. बिअर आणि वाइन यातून वगळली. सरकारला वर्षाला चौदा हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज होता. १४ जुलैला राज्यभर बार बंद ठेवून मालकांनी निषेध केला. त्या दिवशी आमचा टेम्पो दारातच उभा.

सरकारी महसुलाचं काय झालं ते सरकार बघेल. मी संध्याकाळी सुट्टी झाल्यावर अंबडमधल्या वाइन शॉपबाहेर उभा राहतो, तिथे जे दिसतं ते सांगतो. दोघांत एक क्वार्टर, दोन प्लॅस्टिकचे ग्लास, पाण्याचं पाऊच आणि आमचं एक पाकीट. पूर्वी हेच दोघे दोन क्वार्टर घ्यायचे आणि पाकिटंही दोन. काही जण सरळ देशीवर गेले. तरुण पोरं बिअरच्या टिनकडे वळली, त्यांना दाण्यापेक्षा पेरी-पेरी मसाला लागतो. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या दमण-सिल्वासाच्या स्वस्त चोरट्या दारूच्या धरपकडीच्या बातम्या तर इथल्या पेपरात नेहमीच्याच. माझ्या पाहण्यात भाव वाढला की माणूस आधी बसायची जागा बदलतो, मग बाटली. सोडणारा क्वचित.

वाइनची गोष्ट निराळी. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने करात सवलत दिली आणि दिंडोरी, गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरी उभ्या राहिल्या. शनिवार-रविवारी मुंबईकरांच्या गाड्यांनी रस्ता भरतो. या मंडळींना खारे दाणे नकोत, कमी मिठाचे भाजलेले काजू आणि मखाणे लागतात. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली तेव्हा शेल्फवर शेजारी आपलं पाकीट असेल म्हणून आम्ही लेबलसुद्धा छापून घेतलं. विरोध झाला, निर्णय अंमलात आलाच नाही. लेबलं अजून माळ्यावर आहेत.

गंमत बघा, दारू महागली त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. आम्ही दहाच्या पाकिटात थोडा माल वाढवला.

परमिट रूमचा सुटा माल आता निम्म्यावर आलाय आणि तिथेही फुकट बशी बंद होऊन ‘चकणा प्लेट’ मेनू कार्डावर चढली आहे. सध्या सगळ्यात जास्त मागणी देशी दुकानांसमोरच्या टपऱ्यांची, तीही पाच रुपयांच्या पाकिटाची. पाचमध्ये शेंगदाणा परवडत नाही, म्हणून त्यात फुटाणे भरतो.