फटीतलं फ्लोराइड

दाताच्या पाच बाजूंपैकी ब्रशला धड तीनच पुसता येतात. शेजारच्या दाताला चिकटून असलेल्या उरलेल्या दोन बाजूंपुढे त्याचं काही चालत नाही, मग तुम्ही दोन मिनिटं घासा नाहीतर दहा. किडीला हे बरोबर ठाऊक असतं. दोन दात जिथे टेकतात त्याच्या किंचित हिरडीकडच्या अंगाला ती बस्तान मांडते, आणि वरून दात पांढराशुभ्र दिसत राहतो.

इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. शरीरात त्याच्याइतकं कठीण दुसरं काही नाही, पण त्यात जिवंत पेशीच नसल्याने एकदा गेलेलं परत उगवत नाही. साखर खाऊन प्लाकमधले, म्हणजे दातावर साचणाऱ्या चिकट थरातले, जंतू आम्ल करतात, सामू ५.५च्या आसपास उतरला की खनिज विरघळू लागतं. लाळ ते हळूहळू भरून काढते. त्या वेळी फ्लोराइड हजर असेल तर नवा थर जुन्यापेक्षा चिवट होतो, आम्लाला सहज दाद देत नाही. अर्थात हे खड्डा पडायच्या आधीचं. खड्ड्यापुढे फ्लोराइडही हात टेकतं.

फ्लोराइड लावलेला फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, म्हणून बरा, पण त्याच्याकडून फार आशा नको. दोऱ्याला चिकटून येतं ते चिमूटभरही नसतं. खरा साठा टूथपेस्टमध्ये, दशलक्ष भागांत १००० ते १५०० भाग. म्हणून साध्या फ्लॉसलाही एक युक्ती पुरते: आधी फ्लॉस, मग ब्रश. फट मोकळी झालेली असते, पेस्ट आत उतरते. नंतर फेस थुंकावा आणि खळखळून चुळा भरायचा मोह आवरावा, नाहीतर सगळं बेसिनमध्ये.

आता हात. दोरा हातभर, म्हणजे ४५ सेंटिमीटर घ्यावा. कंजुषी केली की शेवटच्या दाढांपर्यंत स्वच्छ तुकडाच उरत नाही आणि एका फटीतली घाण दुसरीत जाते. बराचसा एका मधल्या बोटाला, थोडा दुसऱ्याला गुंडाळून मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणलेला ठेवावा. फटीत तो खाली दाबायचा नाही. मागेपुढे हलवत अलगद उतरवायचा. दाबला की खटकन सुटतो आणि थेट हिरडीच्या टोकावर आपटतो. बहुतेकांची फ्लॉसशी दुश्मनी इथेच सुरू होते. आत गेल्यावर दोरा दाताला इंग्रजी ‘सी’सारखा बिलगवावा, हिरडीच्या कडेखाली जरासा नेऊन वर-खाली चार-पाचदा घासावा. मग त्याच फटीतला दुसरा दात. करवतीसारखं आडवं ओढलं तर हिरडी कापते आणि प्लाक जागच्या जागी राहतो. सर्वांत मागच्या दाढेची पाठ हमखास विसरली जाते. तिला शेजारी नसला तरी प्लाक असतोच.

पहिल्या दिवसांत रक्त येतं. ते बहुधा सुजलेल्या हिरडीचं असतं, तेव्हा घाबरून थांबू नये; रोज केल्यास आठ-दहा दिवसांत कमी होतं. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर दाखवावं. रुंद फटीला मात्र दोरा पुरत नाही, तिथे बारीक इंटरडेंटल ब्रशच हवा. आणि रोज एकाच फटीत दोऱ्याच्या दशा निघत असतील तर फ्लॉसचे ब्रँड बदलत बसण्यात अर्थ नाही. तिथे किटण, बाहेर आलेली फिलिंगची कड किंवा नवी कीड असू शकते, आणि ती एक्स-रेमध्येच नीट कळते.