जपानच्या सरकारी शाळेत शिकवायला जावं का? माझा अनुभव

चोपड्यातल्या एका खासगी शाळेत मी आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. एम.ए., बी.एड. झालंय, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा झालीय, शिक्षकभरतीसाठीची २०२५ ची अभियोग्यता चाचणीही दिलीय आणि आता सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेय. पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, दुसरी थेट २०२३ ला, मग २०२५ ला. यादीत नाव आलंच तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, पहिली ते आठवीला महिना १६,००० आणि नववी-दहावीला १८,००० मानधनावर. अशा दिवसांत बी.एड.च्या एका मैत्रिणीने जपानच्या जेट कार्यक्रमाची माहिती पाठवली आणि माझी झोप उडाली.

१९८७ पासून चालत आलेला हा जपान सरकारचा कार्यक्रम आहे. परदेशी पदवीधर तिथल्या शाळांमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून जातात. पदवी कुठल्याही विषयाची चालते, जपानी येत नसलं तरी अर्ज करता येतो. करार एका वर्षाचा, दोन्ही बाजूंना पटलं तर जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढतो. विमानाचं तिकीट मिळतं. २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार ४०.२ लाख येन केलाय, म्हणजे आपले वीस लाखांच्या वर. त्यातून कर, आरोग्यविमा, पेन्शनचा हप्ता कापला जातो आणि घरभाडं बहुतेकदा आपलं आपण भरायचं. पहिल्या महिन्यात घराची अनामत वगैरे भरायला पैसे सोबत न्यावे लागतात, हे आपल्याकडच्या मुलामुलींनी आधी डोक्यात घ्यावं. कोरियाचा असाच सरकारी कार्यक्रमही पाहिला, पण त्यांची नेहमीची यादी इंग्रजी मातृभाषा असलेल्या सात देशांची आहे. फ्रान्सचा सात महिन्यांचा आहे, पण त्याला फ्रेंच यावं लागतं.

माझ्या मनात खरा काटा होता तो 'सहायक' या शब्दाचा. इतकी वर्षं वर्ग माझा, फळा माझा. तिथे वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. धडा कुठला, परीक्षा कशी, हे तेच ठरवतात. आपण उच्चार करून दाखवायचे, संवाद म्हणायचे, मुलांना बोलतं करायचं. काही शाळांत सहायकाला भरपूर मोकळीक मिळते, काही ठिकाणी नुसतं वाचून दाखवण्यापुरतं बोलावतात, आणि आपल्या वाट्याला काय येईल ते आधी कळत नाही. गावाचंही तसंच. तीन पसंती लिहिता येतात, पण हमी कशाचीच नाही. बहुतेक जागा लहान गावांत असतात. त्याची मला भीती वाटली नाही, मी तशीच लहान गावातली आहे.

हे आपल्याला जमेल का, ते घरी बसून कळणार नव्हतं. म्हणून शाळेतल्या एका सरांना विनंती केली, की माझ्या आठवीच्या वर्गावर तुम्ही शिकवा, मी मदतनीस. सरांना नवल वाटलं, पण तयार झाले. पाठ बाजारातल्या संवादाचा होता. सर फळ्याजवळ, मी मागच्या बाकांकडे. बोलण्याच्या ओघात सर 'डिस्कस अबाउट' म्हणाले; खरं तर 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही. माझ्या जिभेवर दुरुस्ती आली होती, ती गिळली. पोरांसमोर सरांना टोकणं बरं नव्हे. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये हळूच सांगितलं, त्यांनीही मोठ्या मनाने ऐकलं. तो एक क्षण मला जड गेला. पण त्याच तासाला शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जी माझ्या तासाला पुस्तकाआड तोंड लपवते, तिच्याजवळ मी बसले. फळा लिहायची, पाठ संपवायची घाई माझ्यावर नव्हती. भाव काय, किती किलो, असं विचारता विचारता ती म्हणाली, "यस्टरडे माय फादर सेल बनाना, टू रेट लो." मी व्याकरणाला हातच लावला नाही. "व्हाय लो?" विचारलं, तर तिने व्यापारी, गाडी, हवा, सगळं तुटक इंग्रजीत सांगितलं. साठ पोरांचा वर्ग एकटीने हाकताना हे मला कधी करता आलं नव्हतं. त्या तासाला माझं मन जायच्या बाजूने झुकलं.

मग कागद. जळगावला विद्यापीठात जाऊन गुणांची ट्रान्सक्रिप्ट मागितली, ते काम नीट झालं. शिफारसपत्रं दोन लागतात. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला: 'सदर शिक्षिका प्रामाणिक व वक्तशीर आहे.' त्याने काय होणार? मी दोघांनाही भेटून सांगितलं, माझा पाहिलेला एखादा तास लिहा, मी काय केलं ते लिहा. माझ्या प्राध्यापकांनी तर आधी माझ्याकडून सगळं समजून घेतलं आणि मग पत्र लिहिलं. दोन पानी निवेदन लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'जपानची संस्कृती आवडते' हे वाक्य मी लिहिलं आणि खोडलं, कारण ते कोणीही लिहील. त्याऐवजी त्या मुलीचा तास लिहिला.

नावाचं मात्र जपा. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि बाकी दोन्ही नावं एकत्र. अर्ज बघणाऱ्या दिल्लीच्या जपानी दूतावासातल्या माणसाला हा आपला क्रम कसा ठाऊक असणार? ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र मी नोटरीकडून करून घेतलं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनी हे काम सगळ्यात आधी हाती घ्यावं.

घरी माझे वडील, नाना, गप्प होते. आमची केळी आहे, वादळात बाग आडवी झालेली त्यांनी पाहिलीय, त्यामुळे दरमहा येणाऱ्या पगाराची किंमत त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांचा प्रश्न एकच, "पवित्रची यादी लागली आन् तू तिकडे असली तर?" मायला जेवणाची काळजी. आम्ही शाकाहारी, आणि जपानी आमटीसारख्या सूपातही माशाचं पाणी असतं. शाळेतलं जेवणही मुलांबरोबरच असतं. डबा नेता येईल का, हे निवड झाली तर तिथल्या शिक्षण मंडळाला पहिल्या पत्रातच विचारायचं ठरवलंय. शेवटी मायनेच विचारलं, "तुना मनमा काय शे, ते सांग." मी म्हटलं, जायचं आहे. आणि नानांना स्पष्ट सांगितलं, दोन्ही एकदम आलं तर मी जपानला जाईन. तीन वर्षांच्या मानधनापेक्षा मला तिथला वर्ग बघायचाय. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झालाय. इतक्या लहान मुलांना परकी भाषा बोलायला कसं लावतात, हे मला शिकून आणायचंय. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि दहावीला आलेलं पोर एक वाक्य बोलताना थरथरतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अर्ज गेलाय. मुलाखतीचं बोलावणं आलं तर दिल्लीला जायचं आहे. तोवर रोज संध्याकाळी हिरागाना या जपानी लिपीची अक्षरं गिरवते, आणि आठवीच्या त्या सरांनी आता दर शनिवारी एक तास दोघांनी मिळून घ्यायचं मान्य केलंय.