काट्यावरची बाई

सकाळी साडेपाचला उठायचं, संडासला जाऊन यायचं, कानातल्या कुड्या काढून ठेवायच्या आणि मग काट्यावर उभं राहायचं. कुड्या काढण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. दोन्ही मिळून चार-पाच ग्रॅमच्या असतील आणि आमचा काटा शंभर ग्रॅमच्या खालचं काही बोलतच नाही. पण देवळात शिरताना चप्पल काढतो तसं ते झालंय. मंगळसूत्र काढायचा मोह एकदा झाला होता, पण आईला कळलं असतं तर वजन राहिलं असतं बाजूलाच.

काटा वॉशिंग मशीन आणि भिंत यांच्यामधल्या फटीत उभा केलेला असतो. काचेचा, चौकोनी, चार बुटक्या पायांचा. त्याच्या पोटात काय असतं ते इंजिनियर मुलाने एकदा समजावून सांगितलं. पायांशी धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. आपण उभं राहिलो की त्या केसभर वाकतात, त्यांच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेतून जाणाऱ्या विजेला होणारा विरोध किंचित बदलतो, आणि त्या बदलाचा हिशोब करून आकडा दिसतो. मी उतरले की पट्टी पुन्हा सरळ होते. मी मात्र संध्याकाळपर्यंत वाकलेलीच.

७४.६ आला की तो दिवस माझा. मरून कुर्ता, कानात पुन्हा त्याच कुड्या, रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हसून बोलणं. ७५.७ आला की काळी ओढणी निघते, डब्यातला भात परत भांड्यात जातो आणि ऑफिसात कुणी फोटो काढायला लागलं तर मला नेमका फोन येतो. बाई तीच, कुर्तेही तेच. आरसा शेजारच्याच खोलीत आहे, पण तिथे मी काट्याचा निकाल हातात घेऊनच जाते. एकदा सेल संपला होता. त्या दिवशी आपण कशा दिसतोय हे मला दुपारपर्यंत कळलंच नव्हतं.

मराठीने या बाबतीत आम्हा बायकांची फार पंचाईत करून ठेवलीय. आपल्याकडे वजन ही मुळात चांगली गोष्ट. बाळाने बाळसं धरायचं, सुनेने अंग धरायचं, वजनदार माणसाच्या ओळखीने कामं करून घ्यायची, अडलेल्या फाइलीवर वजन ठेवायचं. ज्याची प्रकृती तोळामासा त्याची सगळ्यांना काळजी. आणि कुणी कौतुक केलं की अंगावर मूठभर मांस चढतं! आता मला सांगा, लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, ‘अय्या, किती बारीक झालीस!’ तर मी काय करायचं? मूठभर मांस चढू द्यायचं की नाही? माझ्या आईला मात्र असले पेच पडत नाहीत. ती दार उघडतानाच ‘किती वाळलीस गं’ म्हणते. ८३.४ किलोची होते तेव्हाही म्हणायची.

तर ८३.४ पासून ही सुरुवात. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, टेप काढून कंबर मोजली आणि आपल्याकडच्या बायकांची ही ८० सेंटीमीटरच्या आत हवी असं शांतपणे सांगितलं. माझी किती भरली ते इथे लिहीत नाही. ऑफिसात तेव्हा डाएटचे दोन पक्ष होते. दीक्षितवाले दोनदाच जेवायचे, तेही पंचावन्न मिनिटांत. दिवेकरवाले दर दोन तासांनी डबी उघडायचे. मी कुणालाच दुखवायचं नाही म्हणून दोन्ही पाळलं. दोन वेळा पोटभर जेवण आणि मध्ये दर दोन तासांनी मूठभर शेंगदाणे. महिन्याभरात दीड किलो वाढल्यावर हा सर्वधर्मसमभाव सोडला. चालायला लागले, रात्रीचा भात सोडला, चहातली साखर आधी अर्धी आणि मग बंद केली. यात सांगण्यासारखं काही नाही. सगळे हेच करतात.

सांगण्यासारखी आहे ती एकादशी. आदल्या सकाळी ७४.९ होते. घरात उपास म्हटल्यावर साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, संध्याकाळी बटाट्याचे पापड. म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी. द्वादशीला काट्यावर चढले तर ७६.२. उतरले, परत चढले. ७६.२. काटा उचलून देवघरासमोरच्या फरशीवर नेला. तिथे मी दोनशे ग्रॅम कमी भरते. फरशी किंचित खोलगट आहे म्हणून, पण वास्तुशास्त्राची एवढी प्रचिती मला दुसरीकडे कुठे आली नाही. तरी ७६.

मुलगा म्हणाला, ‘आई, हिशोब कर ना. किलोभर चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तेराशे ग्रॅम म्हणजे दहा हजार. रोजच्या जेवणावर वीसेक ताटल्या खिचडी खाल्लीस का?’ खाल्ली नव्हती. दोन खाल्ल्या होत्या, आणि एक कढईतली खरवड. मग हे तेराशे ग्रॅम कुठून आले? बरंचसं पाणी आणि थोडं अजून पोटातून पुढे न सरकलेलं अन्न. साबुदाणा-बटाट्यातला पिष्टमय भाग शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवतं, आणि त्या साठ्याचा एकेक ग्रॅम आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून बसतो. वर आमटीतलं मीठ आणि पापडातलं मीठ, तेही पाणी सोडत नाही. दोन-तीन दिवसांत हे सगळं आपोआप निघून जातं, आणि तसं ते गेलंही.

पण याची दुसरी बाजू मला जास्त झोंबली. डाएट सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात माझं तीन किलो वजन उतरलं होतं आणि मी मैत्रिणींच्या ग्रुपवर काट्याचा फोटो टाकला होता, खाली माझी पावलं दिसतील अशा बेताने. तेवीस जणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यातलं बहुतेक असंच नुसतं पाणी होतं. टाळ्या परत करायची काही सोय नाही.

रद्दीवाला काटा मारतो म्हणून मी त्याच्याशी दोन रुपयांसाठी भांडते. भाजीवालीच्या तराजूवर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का ते बघते. घरचा काटा रोज इकडचा तिकडे होतो आणि त्याच्यापुढे मी मान खाली घालून उभी. खरं तर मान खाली घातल्याशिवाय तो वाचताच येत नाही.

यावर मला सगळ्यात धीर आला तो फ्रान्समधल्या एका ठोकळ्याची हकिगत वाचून. पॅरिसजवळ सेव्र इथे १८८९ पासून प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक छोटा दंडगोल काचेच्या हंड्यांखाली जपून ठेवलेला होता. त्याचं वजन म्हणजेच एक किलो, जगातल्या सगळ्या किलोंचा तो मूळपुरुष. शंभरेक वर्षांत त्याला त्याच्या प्रतिकृतींशी तोलून बघितलं तर सरासरी पन्नासेक मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. तो वाळला होता की बाकीचे सुटले होते, ते सांगता येईना. कारण तो म्हणेल तो किलो! स्वतःचं वजन इकडेतिकडे झालं तरी तो व्याख्येनेच बरोब्बर एक किलो. २० मे २०१९ पासून किलो निसर्गातल्या एका स्थिरांकाला जोडला गेला आणि ठोकळा निवृत्त झाला. पण एकशेतीस वर्षं जे काय भरेल तेच बरोबर, या तोऱ्यात बसून होता बेटा. मला एक सकाळ तरी तसं बसायला मिळालं असतं तर!

पहिल्यांदा ७४.६ आला तो आनंद मी सासऱ्यांना सांगितला, कारण घरात तेवढेच जागे होते. सासरे चौऱ्याऐंशीचे. तरुणपणी बार्शीला अडत दुकानात दिवाणजी होते. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले तेव्हा शेरा-मणाचे तक्ते करून दुकानात टांगणारे तेच. मण गावागावाचे वेगळे असायचे, पण रेल्वेचा बंगाली मण म्हणजे सदतीस किलो तीनशे चोवीस ग्रॅम, हे ते अजून झोपेतही सांगतात. आकडा ऐकला, डोळे मिटले, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाले, “म्हणजे दोन मणाला छटाकभर कमी.”

मी कोसळलेच. दोन मण! पोत्यासारखं वाटायला लागलं.

“अगं, पोतं म्हटलं तर हलकंच,” ते म्हणाले. “ज्वारीचं शंभर किलोचं असायचं. हमाल पाठीवर घेऊन जिना चढायचे.” त्यांच्या परीने ते धीरच देत होते. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, “पण तुझी ती साखर कशी आहे?” साखर बरीच उतरली होती. तीन महिन्यांच्या सरासरीचा तो आकडा ६.३ वरून ५.७ वर आला होता. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून कौतुक करत होत्या तेव्हा मी त्यांना मध्येच तोडून विचारलं होतं, ‘पण वजन का अडकलंय?’

हा चस्का कधी लागला ते मला नेमकं ठाऊक आहे. बारा वर्षांची होते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच मावस-मामे भावंडं पुणे स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. तिथे ते उंच मशीन होतं, लाल-पांढरी चकती गरागरा फिरणारं, दिवे लुकलुकणारं. आत नाणं टाकलं की खडखड करून पुठ्ठ्याचं जाड तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मामाने पाचही जणांसाठी नाणी टाकली आणि तिकिटं गोळा करून निकाल लावावा तसा मोठ्याने वाचायला लागला. बत्तीस, चौतीस, एकतीस, अडतीस. माझं तिकीट त्याने जरा लांब धरलं. “सत्तावन्न! हिच्या तिकिटात दोघं बसून जातील!” अख्खा फलाट हसला असं मला वाटलं. बहुतेक आम्ही सहाच जण हसलो असू, कारण मीही हसले होते. मामा प्रेमळ होता. त्याने लगेच सगळ्यांना लिंबू सरबत पाजलं, मला दोन ग्लास.

तिकिटामागचं भविष्य काय होतं ते आजही आठवत नाही. सत्तावन्न आठवतं. आज सत्तावन्न झाले तर सोसायटीत पेढे वाटीन.

गंमत पुढेच आहे. नऊएक किलो उतरले तरी मी बारीक झाल्याचा निरोप माझ्यापर्यंत पोचलेलाच नाही. फडके रोडवरच्या दुकानात मुलीने एल काढला तर मी म्हटलं, एक्सएल दे. “काकू, ढगळ होईल.” ढगळ होऊ दे. ट्रायल रूममध्ये घातला तर खांदे दंडावर आले. तरी तोच घेतला. उगाच कशाला विषाची परीक्षा? ग्रुप फोटोत पाय आपोआप मागच्या रांगेकडे वळतात. दोन खुर्च्यांमधून जाताना आडवी होते, आणि पलीकडे पोचल्यावर कळतं, सरळसुद्धा गेले असते.

आणि चौथी सीट. लोकलचं बाकडं तिघींचं, त्यावर चौथी बसते हा मुंबईचा कायदा आहे. तिघींनी सरकायचं, चौथीने एका मांडीवर टेकायचं आणि उरलेली मांडी हवेत ठेवून घर गाठायचं. डोंबिवली ते सीएसएमटी गेली बावीस वर्षं जातेय, पण मी चौथी सीट कधी मागितली नाही. मागितली की तिघी आधी चेहऱ्याकडे बघत नाहीत, कमरेकडे बघतात. तोही काटाच, फक्त आकडा बोलून दाखवत नाहीत. त्यापेक्षा दाराशी उभं राहणं बरं, वाराही लागतो.

गेल्या मंगळवारी येताना मात्र मला नशिबाने तिसरी सीट मिळाली. दादरला एक बाई चढली. दोन्ही हातांत पिशव्या, घामाघूम, वरच्या कडीला हात पोचत नव्हता. तिने आमच्या बाकड्याकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली. ती नजर मला ओळखीची होती. पण त्याच्याही आधी, मला कळायच्या आत, माझे डोळे तिच्या कमरेवरून फिरून आले होते आणि आत कुणीतरी आकडाही टाकला होता. ऐंशी. ब्याऐंशीच असेल.

मला इतकी शरम वाटली की मीच सरकले. “बसा ना, होईल.”

खिडकीतली बाई पुटपुटली. मधलीने पर्स मांडीवर घेतली. ती बसली, म्हणजे टेकली. एक पिशवी माझ्या पायाशी, एक तिच्या कडेवर. सायन येईस्तोवर गप्प होती. मग हळूच म्हणाली, “सॉरी हं, तुमची अडचण झाली. मी पडले जाडी.”

“अहो, मीही आहेच की,” मी म्हटलं.

तिने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “तुम्ही कुठे हो!” असं मनापासून म्हणाली.

झालं. चढलं मूठभर मांस. आणि त्या बाकड्यावर तेवढ्यालाही जागा नव्हती.