विमान एवढं नाजूक कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हाताने बांधलेलं लाकूड-कागदाचं छोटं मॉडेल विमान बघायला हातात दिलं की माणूस आधी पंखावर बोट टेकवतो. कागद आत दबतो, तो दचकून बोट काढून घेतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो: "एवढं नाजूक कशाला? पडलं तर चुरा होईल. जरा मजबूत करा की!"

पडल्यावर चुरा होऊ नये म्हणूनच ते नाजूक आहे. चेष्टा नाही, हिशेब आहे.

माझी बहुतेक विमानं ०.८ सीसीच्या ग्लो इंजिनवर उडतात. अमेरिकेतल्या कॉक्स कंपनीने १९५० च्या दशकात घराघरांत पोचवलेली ही जात. अंगठ्याएवढं सिलिंडर, मागच्या बाजूला चिकटलेली पाच-सहा मिलीची टाकी, वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. स्पार्क प्लग नाही. दीड व्होल्टच्या सेलने प्लॅटिनम मिश्रधातूची तार लाल करायची, प्रॉपला, म्हणजे पुढच्या पंख्याला, बोटाने झटका द्यायचा, इंजिन भणभणलं की सेल काढून घ्यायचा. पुढे इंधनातलं मिथेनॉलच त्या तारेला तापती ठेवतं. या इंजिनांना सहसा थ्रॉटल नसतो. दोन-तीन मिनिटं पूर्ण वेगात, टाकी संपली की एकदम शांत. म्हणजे उतरताना इंजिन कधीच सोबतीला नाही, आणि अंदाज चुकला म्हणून वर जाऊन पुन्हा वळसा घ्यायची सोयही नाही.

आता पंख धरा ९० सेंटिमीटर लांब, १५ रुंद. विमान ३०० ग्रॅमचं असेल तर ते ताशी साधारण २२ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकतं, त्याखाली गेलं की पडतं. तेच विमान तुमच्या सांगण्यावरून मजबूत करून ४५० ग्रॅमचं केलं, तर हा आकडा जातो २७ वर. पाच किलोमीटरनी काय बिघडलं? धडकेची ऊर्जा वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वजन दीडपट झालं, वेगाचा वर्गही दीडपट झाला, म्हणजे जमिनीवर आपटताना सव्वादोन पट दणका. वाढवलेलं लाकूड बहुतेक वेळा एवढा दणका पचवत नाही. शिवाय तेच इंजिन आता चढताना कुंथतं. मोठं इंजिन लावा म्हणाल, तर त्याला मोठी टाकी, जाड फायरवॉल (इंजिन बसवायची नाकातली फळी), जाड स्पार (पंखातली मुख्य लांब काडी), मोठा पंख. त्या वाटेने गेलेले लोक शेवटी दुसरंच विमान बांधतात.

वजन वाचतं कुठे? दुकानात, लाकूड निवडताना. बाल्सा या हलक्या लाकडाची दीड मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर लांब पट्टी काट्यावर ठेवली तर कधी १० ग्रॅम भरते, कधी १८. रंग तोच, किंमत तीच. म्हणून मी काटा खिशात घेऊन जातो आणि दुकानदाराचा वैताग सहन करतो. पट्टी आडवी वाकवूनही बघायची. सहज गोल होणारी पंखाच्या पुढच्या कडेवर मढवायला उत्तम. अंगावर चकाकते ठिपके असलेली, वाकवायला गेलं तर ताठ राहणारी, ती रिबांसाठी, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांसाठी, आणि शेपटीसाठी.

शेपटीवर मात्र मी अक्षरशः ग्रॅमसाठी भांडतो. बागेतल्या सी-सॉसारखा साधा प्रकार आहे: शेपटी लांब, नाक आखूड. शेपटीवर एक ग्रॅम वाढला की तोल राखायला नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं लागतं. अख्ख्या पट्टीची शेपटी करण्याऐवजी काड्यांचा सांगाडा करून त्यावर टिश्यू (पातळ कागद) चढवला, तर सहा-सात ग्रॅम वाचतात. म्हणजे एकूण विमानात वीस-पंचवीस. भोकं पाडून वजन कमी करणाऱ्यांचा उत्साह मी समजू शकतो, पण जड लाकडात पाडलेल्या भोकांनी एवढा फायदा क्वचितच होतो. गोंदाचंही तसंच. जोड नीट बसत असेल तर थेंब पुरतो, फट भरायला गोंद वापरला की वजन चढलंच. आणि रंग! हौसेने तीन हात चकचकीत रंग देणाऱ्याने वाचवलेलं सगळं वजन तिथेच परत केलेलं असतं.

एका जागी मी अजिबात कंजुषी करत नाही. इंजिनच्या इंधनात एरंडेल असतं आणि ते धुराबरोबर सगळं बाहेर फेकलं जातं. फायरवॉल आणि नाकाचा भाग पातळ इपॉक्सीने नीट बंद केला नाही, तर लाकूड तेल पीत राहतं, मऊ पडतं, आणि मग त्यावर कुठलाच गोंद धरत नाही. ते चार-पाच ग्रॅम खुशाल घाला.

पंख स्क्रूने आवळायचा नाही, आरपार काड्या घालून रबरबँडने बांधायचा. विमान झाडाला धडकलं की पंख सरकून सुटतो, दणका तिथेच जिरतो. बघणाऱ्याला वाटतं मोडलं. आपण रबरबँड शोधायचे, एखादी रिब तुटली असेल तर चिकटवायची, वर टिश्यूचा तुकडा, आणि पुन्हा उडवायचं.

पावसाळ्यात यातलं फारसं काही जमत नाही. टिश्यू सैल पडतो, बाल्सा ओल धरतो, बाटलीचं झाकण सैल राहिलं तर मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि इंजिन सुरू व्हायलाच नखरे करतं. जून ते सप्टेंबर मी बांधकामाचे ठेवतो. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर तेव्हाच या. येताना इंजिन आणू नका, दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा.