अहमदाबादची नोकरी का सोडली

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. दांडिया बाजारातल्या मुंजी-लग्नांत, गणपतीच्या आरतीनंतर, कॉलेजातली कार्यशाळा संपल्यावर चहा घेताना मला एकच गोष्ट विचारली जाते: अंतराळक्षेत्रातल्या कंपनीतली बरी नोकरी सोडून तुम्ही बडोद्याच्या शाळाशाळांतून उपग्रह समजावत का फिरता? आत्या तर सरळच विचारते, "काढून टाकलं का गं तुला?"

नाही. मीच सोडली. आणि खासगी कंपन्यांवर माझा राग आहे असा जो समज झालाय, तोही चुकीचा आहे. २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुलं झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. २०२२ मध्ये अहमदाबादच्या बोपलला इन-स्पेसचं, म्हणजे खासगी अंतराळ उद्योगांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेचं, मुख्यालय सुरू झालं. भौतिकशास्त्र शिकलेल्या, यंत्र बांधता न येणाऱ्या पण यंत्राबद्दल नीट सांगता येणाऱ्या माणसाला पगार मिळेल अशी जागा मला इथेच पहिल्यांदा दिसली. इस्रोच्या भरतीत इंजिनियरांसाठी वाट असते. माझ्यासारखीला तिथे कुठल्या दारावर थाप मारायची तेच कळत नव्हतं.

सकाळच्या गाडीने अहमदाबादला जायचे. नडियाद आलं की मला हटकून जवळचं पीज गाव आठवायचं. तिथल्या टीव्ही ट्रान्समीटरवरून १९७५ पासून खेडा जिल्ह्यातल्या गावांसाठी कार्यक्रम दाखवले जायचे, तेही गावकऱ्यांच्याच प्रश्नांवर. त्याच वर्षी 'साइट' प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून ६ राज्यांतल्या २४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. आपल्या रॉकेटने आपला उपग्रह कक्षेत सोडला तो १९८० मध्ये. त्याआधी ५ वर्षं आपण उपग्रह वापरला होता, तो लोकांशी बोलायला. म्हणून "तुम्ही नुसतं सांगता, करत काहीच नाही" असं कोणी म्हटलं की मला लागतं. आजही लागतं.

आता मूळ गोष्ट. नाव, साल, उपकरण काय होतं, हे सांगणार नाही. गोपनीयतेच्या करारावर माझी सही आहे.

आमचं उपकरण इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या, शेवटच्या टप्प्यावर बसून वर गेलं. उपग्रह सोडून झाले की हा टप्पा एरवी निकामी होऊन फिरत राहतो. २०२२ पासून इस्रो त्यावर सौरपट्ट्या आणि दिशा सांभाळणारी यंत्रणा बसवून छोट्या प्रयोगांसाठी तो वापरते. त्याला 'पोएम' म्हणतात. नव्या कंपनीला स्वतःचा उपग्रह न बांधता आपलं काम अंतराळात तपासून घेता येतं, ही केवढी मोठी सोय आहे!

उपकरण चालू झालं. पहिल्या काही पासमध्ये, म्हणजे ते आपल्या केंद्रावरून जायचं त्या फेऱ्यांत, तापमान, व्होल्टेज सगळं हवं तसं होतं. ऑफिसात पेढे वाटले गेले. मग डेटा तुटक यायला लागला आणि नंतर यायचाच थांबला. प्रेस नोट मी लिहायची होती. मी लिहिलं: उपकरण सुरू झालं, अमुक मोजमापं मिळाली, त्यानंतर संपर्क तुटला, कारण शोधतो आहोत. मला तो मजकूर अभिमानाचा वाटत होता. पहिल्या उड्डाणात एवढं मिळणं थोडं नाही.

मालकांनी वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "बेन, आटलुं बधुं ना लखाय." म्हणजे, ताई, एवढं सगळं लिहायचं नसतं. पुढच्या फंडिंगची बोलणी चालू होती. "संपर्क तुटला" हे दोन शब्द वाचून गुंतवणूकदार मागे फिरला, तर या मुलांचे पगार कोण देणार, असं त्यांनी विचारलं. माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही त्यांनी.

मी वाद घातला. चांद्रयान-२ चं लँडर चंद्रावर आदळलं, त्याचं कारण नंतर संसदेत सांगितलं गेलं. चांद्रयान-३ च्या वेळी इस्रोच्या अध्यक्षांनी उघड सांगितलं की काय काय बिघडू शकतं ते धरूनच नवी रचना केली आहे. उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर होती, ती ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली. लोकांनी हे समजून घेतलं. मालक म्हणाले, "त्यांच्यामागे सरकार आहे."

याला उत्तर होतं माझ्याकडे. संध्याकाळी उपकरणाच्या पॉवर बोर्डवर, म्हणजे वीजपुरवठ्यावर, काम करणारा मुलगा जिन्यात भेटला, त्याला मात्र देता आलं नाही. तो म्हणाला, "ताई, नका लिहू. कंपनी एवढीशी आहे. बोर्ड कुणाचा होता ते सगळ्यांना कळेल."

नोट गेली ती "सर्व उद्दिष्टे साध्य" अशी. मी तिच्याखालचं माझं नाव काढायला लावलं. तरी नोकरी लगेच सोडली नव्हती. पुढे इथल्याच एका कॉलेजात बोलायला गेले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, सगळं साध्य झालं तर तुमच्या पुढच्या उपकरणाचा वीजपुरवठा वेगळा का केलाय?" माहितीपत्रक नीट वाचून आली होती ती. प्रश्न अचूक होता, उत्तर मला पाठ होतं, आणि ते द्यायची मला मुभा नव्हती. मी म्हटलं, यावर बोलता येणार नाही. ती "ओके मॅडम" म्हणून वही मिटून खाली बसली. राजीनामा मी त्याच आठवड्यात दिला.

तेव्हाची मी फार ताठ होते. आत राहिले असते तर दुसऱ्या नोटमध्ये अर्धं वाक्य तरी खरं घुसवलं असतं, असं आता कधीकधी वाटतं. मग वाटतं, अर्ध्या वाक्याने त्या मुलीचं काय भागलं असतं? आणि त्या मुलाचं काय? तो आता दुसऱ्या कंपनीत आहे, दिवाळीला मेसेज करतो. त्या संध्याकाळबद्दल आम्ही बोलत नाही.

पैशाचंही विचारता, तर सांगते. शाळा देतात त्यात बहुधा येण्याजाण्याचा खर्च निघतो. घर चालतं ते इंजिनियरांचे अहवाल वाचनीय करून देण्याच्या कामावर. अहमदाबादचा पगार आठवतो, महिनाअखेरीला जास्तच.

परवा आणखी एका कंपनीने बोलावलं. मी अट घातली आहे: वर गेलेल्या वस्तूचं काय झालं ते, चांगलं असो वा वाईट, मी लिहीन, ज्याच्या हातचं काम बिघडलं त्याचं नाव कुठेही येणार नाही, आणि दोन्ही गोष्टी करारात लिहून हव्यात. दुसरी त्यांना लगेच मान्य झाली. पहिलीवर अजून विचार चाललाय म्हणतात.