बॉबीला बसवलं दूधवाल्या राजदूतचं इंजिन

राजदूत जीटीएस १७५ म्हणजे आपली बॉबी. १९७३ च्या सिनेमात ऋषी कपूरच्या हातात ती दिसली आणि लोकांनी सिनेमाचंच नाव गाडीला लावलं. चाकं लहान, अंगानं बुटकी, पण पोटात मोठ्या राजदूतचंच इंजिन: १७३ सीसी, टू-स्ट्रोक. एस्कॉर्ट्स कंपनीनं मोठी राजदूत पोलंडच्या एसएचएल एम-११ या मोटरसायकलवरून बनवली होती. दोघींचं इंजिन एकच, हे ठाऊक होतं म्हणूनच आमच्या घरची बॉबी मी भंगारात जाऊ दिली नाही. बॉबीचे पार्ट शोधायला गेलं तर पाय दुखतात. दुधाच्या किटल्या वाहून थकलेल्या राजदूत मात्र आजही गोठ्यामागे उभ्या सापडतात.

आमच्या गाडीची चेन चालत्या गाडीत तुटली, पुढच्या स्पॉकेटपाशी, म्हणजे चेनच्या दातेरी चाकापाशी, गोळा झाली आणि क्रँककेसच, म्हणजे क्रँक बसतो ते इंजिनाचं खालचं कवचच, फुटला. ॲल्युमिनियमची भेग आर्गॉन वेल्डिंगनं भरता येते, पण ही भेग थेट बेअरिंगच्या घरात गेली होती. तिथं वेल्डिंगची उष्णता लागली की घराचा गोलावा बिघडतो आणि क्रँक सरळ बसत नाही. दुसरं इंजिन शोधणं आलं.

आधी पुण्याच्या जुन्या बाजारात बघितलं. बुधवारी आणि रविवारी भरतो तो. एक इंजिन बाहेरून झकास होतं, पण त्याचा नंबर घासलेला. असं इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नये. चोरीचं निघालं तर गाडी आणि मालक दोघेही अडकतात. शेवटी शिरोळकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतलं. किक जाम होती, फिन्समध्ये शेणमाती बसलेली, पण आरसी बुक शाबूत आणि इंजिन नंबर त्याच्याशी जुळणारा. त्यांनी विक्रीचा कागदही सही करून दिला. मला ते इंजिन त्या कागदासकट मोलाचं वाटलं.

जाम पिस्टनवर हातोडा चालवायचा नसतो. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं, रोज थोडं मागेपुढे हलवलं, आणि एका संध्याकाळी ते सुटलं. क्रँकच्या टोकाला असतो तो मॅग्नेटसुद्धा पुलर लावूनच काढला. ठोकून काढायला गेलं तर क्रँकची दांडी वाकते.

पुढचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात, ज्या लेथवाल्या मामांकडे मी वर्षानुवर्षं जातो त्यांच्याकडे. त्यांनी कनेक्टिंग रॉड धरून वरखाली ओढला आणि आतून ‘टक’ असा आवाज आला. रॉड आडवा थोडा हलला तर चालतं, वरखाली अजिबात हलता कामा नये. पिन, रोलर आणि रॉड नवे घातले. मग क्रँक दोन सेंटरमध्ये धरून तो किती वाकडा फिरतो ते दाखवणारा डायल लावला. मामा तांब्याच्या हातोडीनं एक हलका ठोका द्यायचे, क्रँक हातानं फिरवायचे, परत बघायचे. “घाई करू नगा, काटा काय म्हणतोय ते बघा,” म्हणाले. काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत आल्यावरच त्यांनी क्रँक खाली ठेवला. सिलेंडर ०.५० मिलिमीटरनं मोठा बोअर केला, तेही पिस्टन हातात आल्यावर, त्याचं माप घेऊन.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर जातं. क्रँकचं ऑइल सील गळकं असेल तर तिथून जादा हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, आणि नवाकोरा पिस्टन तापून सिलेंडरमध्ये अडकतो. बरेच जण सील बदलतात आणि तपासल्याशिवाय गाडी सुरू करतात. मला ते पटत नाही.

तपासणी घरच्या घरी होते. जुन्या स्पार्क प्लगमधली चिनी माती फोडून काढली आणि रिकाम्या प्लगला नळी जोडली. नळीच्या दुसऱ्या टोकाला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि दाब दाखवणारं घड्याळ. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे सिलेंडर आणि क्रँककेस जोडणारे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून हवा क्रँककेसमध्ये उतरते. कार्बोरेटर आणि सायलेन्सरच्या तोंडावर रबर ठेवून पट्ट्या आवळल्या. फुगा दाबून काटा २५० वर नेला. काटा सरकायला लागला. साबणाचं पाणी लावलं तर मॅग्नेटच्या बाजूला, सीलच्या कडेनं, बारीक बुडबुड्यांची ओळ उठली. सील नवीन होतं, पण सील बसतं त्या जागी जुना ओरखडा होता. ती कड घासून गुळगुळीत केली, दुसरं सील बसवलं, आणि मग काटा जागचा हलेना. मामा शेजारी उभे होते, ते फक्त “आता पेट्रोल घाला” म्हणाले.

फ्रेममध्ये इंजिन बसलं, पण आमच्या फ्रेमला पूर्वी कुणीतरी वेल्डिंग केलेलं, त्यामुळे पुढचं आणि मागचं स्पॉकेट एका रेषेत येत नव्हतं. लांब लोखंडी पट्टी लावून फरक मोजला आणि लेथवर बुश काढून फाउंडेशन बोल्टला घातले. चेन तुटूनच आधीचं इंजिन गेलं होतं, म्हणून इथं केसाइतकाही फरक मी ठेवला नाही. ठिणगीची वेळ ठरवणारे सीबी पॉइंट ०.४ मिलिमीटरवर लावले आणि ते नेमके कधी उघडतात ते पातळ कागद मध्ये धरून पाहिलं. कागद सुटतो तो क्षण म्हणजे ठिणगी.

कागदपत्रांचं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते आणि बदलल्यावर १४ दिवसांत कळवावं लागतं. मी अर्ज आधीच दिला होता; विक्रीचा कागद आणि जुन्या आरसीची प्रत जोडली होती. गाडी नेली, त्यांनी नंबर तपासला, आरसीवर नवा इंजिन नंबर चढला. विमा कंपनीलाही तो कळवला. जुन्या गाड्यांचे शौकीन हे टाळतात आणि मला त्याची चीड येते. अपघात झाला तर समोरच्या माणसाची भरपाई अशाच कागदांवर अडू शकते.

सध्या रनिंग, म्हणजे नवा पिस्टन बसेपर्यंत गाडी जपून चालवणं, चालू आहे. लिटरला ५० मिली टू-टी ऑइल, अर्ध्याच्या पुढे थ्रॉटल नाही, दर फेरीनंतर प्लग काढून बघतो. पहिल्यांदा पांढुरका दिसला म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा घातला. आता रंग विटकरी आहे. रंकाळ्याला चक्कर होते, पन्हाळ्याचा चढ मात्र पिस्टन बसेपर्यंत नाही.